मुंबई ते न्यूयॉर्क 12,530 किलोमीटर. मग जायला सोळा तास आणि यायला चौदा का?

अंतर काढून देणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर मुंबई आणि न्यूयॉर्क ही दोन नावं टाका. 12,530 किलोमीटरच्या आसपासचा आकडा येतो आणि त्याखाली ‘विमानाने अंदाजे चौदा तास’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे चौदा तास कुणी घड्याळ लावून मोजलेले नसतात. अंतराला ताशी 900ने भागलं, वर थोडी भर घातली, की झालं उत्तर तयार. विनाथांबा विमानाचं तिकीट काढायला बसलात तर मात्र जातानाचा वेळ सोळा तासांच्या आगेमागे दिसतो आणि येतानाचा चौदा-साडेचौदा. विमानतळ तेच, विमानही बहुतेक वेळा त्याच जातीचं, तरी दीड-दोन तासांचा फरक.

या फरकाचा हिशेब लावायचा तर आधी तो 12,530चा आकडा कुठून येतो ते पाहायला हवं. त्या आकड्याचा विमानाशी काही संबंधच नाही. ती निव्वळ भूमिती आहे.

मुंबई विमानतळ 19.1 अंश उत्तर अक्षांशावर आणि 72.9 अंश पूर्व रेखांशावर आहे. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ 40.6 उत्तर आणि 73.8 पश्चिम. रेखांशाचे आकडे जवळजवळ सारखेच, फक्त एक पूर्वेचा आणि दुसरा पश्चिमेचा. आकडेमोडीत ‘पश्चिम’ दाखवणारं उणे चिन्ह टाकायला विसरलात, तर न्यूयॉर्क थेट किरगिझस्तानात, ओश शहराच्या जवळपास जाऊन बसतं आणि अंतर 2,400 किलोमीटरवर येतं. एवढ्यात कुणाचा मुलगा नोकरीला असता तर आईवडिलांची केवढी सोय झाली असती!

हे दोन बिंदू आणि पृथ्वीची त्रिज्या हातात असली की गोलाच्या पृष्ठभागावरून त्यांच्यातलं कमीत कमी अंतर काढता येतं. पृथ्वीच्या केंद्रापाशी या दोन शहरांमध्ये सुमारे 112.7 अंशांचा कोन होतो. एका अंशाला पृष्ठभागावर साधारण 111.2 किलोमीटर. गुणाकार करा, 12,530च्या आसपास येतं. वैमानिक हेच नॉटिकल मैलात मोजतात, कारण अंशाच्या साठाव्या भागाला एक नॉटिकल मैल, म्हणजे 1.852 किलोमीटर, असा तो सरळ हिशेब आहे. वेगवेगळ्या संकेतस्थळांवर दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसतो त्याचं कारणही साधं आहे. पृथ्वी पुरती गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या 6,378 किलोमीटर, ध्रुवांपाशी 6,357. कुणी हा चपटेपणा धरतो, कुणी सोडून देतो. शिवाय कुणी विमानतळापासून मोजतो, कुणी शहराच्या मध्यापासून. फरक त्याहून बराच मोठा असेल तर बहुधा साधे मैल आणि नॉटिकल मैल यांची गल्लत झालेली असते.

आता हा सर्वांत जवळचा रस्ता जातो कुठून? भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडा. रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, मग अटलांटिक अशी जाते. दिसायला अगदी सरळ. पण शाळेतल्या त्या नेहमीच्या मर्केटर नकाशावरच्या या सरळ रेघेने खरोखर गेलात तर 14,200 किलोमीटर पडतात, म्हणजे जवळपास 1,700 किलोमीटर जास्त. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणून धरा. तो आपोआप वर सरकतो. मुंबईहून निघताना त्याची दिशा पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच जास्त असते, उत्तरेपासून जेमतेम 27 अंश पश्चिमेला कललेली. सौराष्ट्र, कच्छ, सिंध, कंदाहारच्या आसपासचा अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान. पुढे रशियात सारातोव्ह आणि त्वेरच्या बाजूने, सेंट पीटर्सबर्गच्या थोडं खालून फिनलंड. मग स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाच्या खालून लॅब्रॅडॉर, आणि कॅनडातून खाली न्यूयॉर्क. आइसलँडच्या अलीकडे हा दोरा जवळजवळ 65 अंश उत्तरेपर्यंत चढतो. आर्क्टिक वृत्त तिथून दोन अंशही लांब नाही. न्यू जर्सीला मुलाकडे निघालेल्या आजोबांनी खिडकीतून बर्फाचे डोंगर पाहिले, तर वैमानिक वाट चुकलेला नसतो.

दोरा आणखी एक गोष्ट दाखवतो. तो थोडा इकडे-तिकडे सरकवला तरी लांबी फारशी वाढत नाही. मुंबई ते इस्तंबूल आणि इस्तंबूल ते न्यूयॉर्क असे दोन तुकडे जोडले तर बेरीज साधारण 12,860 किलोमीटर होते. रशिया आणि फिनलंड पूर्ण टाळून, दोन हजारांहून अधिक किलोमीटर दक्षिणेकडून जाऊनही वाढ फक्त 330 किलोमीटरची, म्हणजे वीस-बावीस मिनिटांची. लांब पल्ल्याच्या मार्गांवर ही मुभा फार मोलाची ठरते, कारण अगदी दोऱ्यावरून विमान जवळजवळ कधीच जात नाही.

आता वाऱ्याकडे येऊ. सोळा आणि चौदाचं खरं उत्तर तिथेच आहे.

त्याआधी एक समजूत बाजूला काढू. बरेच जण म्हणतात, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान पश्चिमेला निघालं की न्यूयॉर्क आपणहून त्याच्याकडे येणार, म्हणजे जाताना वेळ कमी लागायला हवा. तसं होत नाही. मुंबईची जमीन ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते आहे, धावपट्टीवर उभं असलेलं विमानही त्याच वेगाने, आणि भोवतालची हवाही. उड्डाण केल्यावर विमान हा वेग टाकून देत नाही. वेळेत फरक पडतो तो हवा जमिनीच्या तुलनेत पुढे-मागे सरकते तेव्हा.

ती सरकतेच. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे वरच्या थरात दाबाचा मोठा उतार तयार होतो. हवा ध्रुवाकडे जाऊ पाहते, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिची दिशा वळत जाते आणि मध्य अक्षांशांवर ती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहू लागते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर हा वारा अरुंद, जोरकस पट्ट्यांमध्ये एकवटतो. यालाच जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्याचा नेहमीचा वेग, आणि हिवाळ्यात तो तीनशेच्याही वर जातो, कारण तेव्हा उत्तर-दक्षिण तापमानातला फरक सर्वांत जास्त असतो. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण आडून आहे आणि लोकांना वाटतो त्याच्या नेमका उलट आहे.

या वाऱ्याचा माग सर्वांत आधी पद्धतशीर लावला तो जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी. 1920च्या दशकात ते तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून वरच्या हवेचा वेग मोजत होते. जगाला कळावं म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरान्तो या साऱ्या जगासाठी म्हणून मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापला, आणि त्यामुळेच तो जगात फारसा कुणी वाचला नाही.

विमानाचा वेग म्हणून जे ताशी 900 सांगतात तो हवेतला वेग असतो. खाडीत भरतीच्या विरुद्ध नाव वल्हवणाऱ्याचे हात तेवढेच चालतात, पण काठ हळू सरकतो, तसंच इथे घडतं. सीटसमोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’ म्हणून जो आकडा दिसतो तो जमिनीच्या तुलनेतला वेग, आणि तोच आपल्या कामाचा. थोडे वळसे धरून वाट 12,900 किलोमीटरची झाली आणि सबंध वाटेवर सरासरी ताशी 70 किलोमीटरचा वारा आहे असं उदाहरणापुरतं समजू. जाताना वारा तोंडावर, म्हणजे ग्राउंड स्पीड 830 आणि वेळ 15 तास 32 मिनिटं. येताना वारा पाठीशी, म्हणजे 970 आणि 13 तास 18 मिनिटं. सव्वादोन तासांचा फरक, तोही सरासरी 70च्या वाऱ्याने! वारा नसता तर दोन्हीकडे 14 तास 20 मिनिटं लागली असती. बेरीज करून पाहा, येताना वाचलेला वेळ जाताना गमावलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटांनी कमीच भरतो. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकलेलं असतं, म्हणून जाण्यायेण्याच्या हिशेबात वारा नेहमी थोडा पदरात घालून घेतोच.

वारा पाठीशी असला की काय होतं याचं ठसठशीत उदाहरण फेब्रुवारी 2020मधलं. सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग 747 विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं. एरवी या प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात. वाटेत त्याचा जमिनीवरचा वेग ताशी 1,327 किलोमीटरपर्यंत गेला होता. आवाजाच्या वेगापेक्षा हा आकडा मोठा आहे, पण ते विमान सुपरसॉनिक झालं नव्हतं. ज्या हवेत ते उडत होतं ती हवाच पळत होती.

म्हणूनच विमान कंपनीतला डिस्पॅचर, म्हणजे प्रत्येक उड्डाणाचा मार्ग आखणारा माणूस, ‘सर्वांत कमी किलोमीटर’ शोधत नाही. तो सर्वांत कमी वेळ आणि तेल शोधतो. उत्तर अटलांटिकवर तर त्यासाठी रोज नवे रस्ते आखतात. कॅनडाच्या बाजूला गँडर आणि आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूला शॅनविक अशी दोन हवाई नियंत्रण केंद्रं वाऱ्याचा अंदाज पाहून समांतर मार्ग जाहीर करतात. पश्चिमेला जाणारे मार्ग जेट स्ट्रीम चुकवणारे, पूर्वेला येणारे तिच्यावर स्वार होणारे. काल ज्या वाटेने विमान गेलं तिथूनच ते आज जाईल असं नसतं.

या विचाराचा सर्वांत मजेदार नमुना भारतातलाच आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान डिसेंबर 2015मध्ये सुरू झालं तेव्हा ते पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016मध्ये कंपनीने ते उलट दिशेने, पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर 15,300 किलोमीटर झालं, म्हणजे 1,400 किलोमीटर जास्त, आणि तरी विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. परत येतानाही ते पॅसिफिककडे वळायचं नाही, पूर्वेकडेच निघायचं. म्हणजे एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा, आणि दोन्ही वेळा वारा पाठीशी! ‘जवळचा रस्ता’ म्हणजे काय, हे मला त्या एका निर्णयात जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं कुठल्याच सूत्रात दिसत नाही. बोइंगने 2005च्या नोव्हेंबरमध्ये 777-200एलआर हे विमान हाँगकाँगहून लंडनला असंच पूर्वेकडून, पॅसिफिक आणि अमेरिका ओलांडून नेलं होतं. 21,602 किलोमीटर, 22 तास 42 मिनिटं. अर्थात तो विक्रमासाठीचा खटाटोप होता.

वाऱ्यानंतर माणसांचा नंबर. दोरा ज्या देशांवरून जातो त्या प्रत्येक देशाची परवानगी लागते, आणि ती कधीही काढून घेतली जाते. फेब्रुवारी 2019मध्ये पाकिस्तानने आपलं हवाई क्षेत्र बंद केलं, ते पूर्ण उघडलं जुलैत. एप्रिल 2025मध्ये भारतीय कंपन्यांसाठी ते पुन्हा बंद झालं. 2022मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाचं आकाश अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना मिटलं, एअर इंडियाला मात्र उघडं राहिलं. जून 2025मध्ये इराण-इराकवरची वाटही काही दिवस बंद होती.

इथे मुंबई नशीबवान. मुंबईचं विमान तसंही समुद्रावरूनच निघतं, ओमानकडे जाऊन पुढे वळलं तरी वळसा लहान पडतो. आधी पाहिलेला इस्तंबूलचा हिशेब इथे कामी येतो. दिल्लीची पंचाईत जास्त. तिथल्या विमानाला आधी नैर्ऋत्येला गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत खाली यायचं आणि मग पश्चिमेला जायचं, म्हणजे निघतानाच उलटी वाट. तासाभराहून अधिक वेळ त्यातच जातो, आणि 2025मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं तेल भरायला व्हिएन्नात उतरवावी लागली. त्यामुळे दिल्लीहून अमेरिका मुंबईपेक्षा जवळ आहे, हे नकाशावर खरं असूनही तिकिटावर नेहमीच खरं ठरत नाही.

तेलाचं गणित थोडक्यात सांगतो. बोइंग 777-300ईआरच्या टाक्यांत सुमारे 1 लाख 81 हजार लिटर इंधन मावतं. पण लांब उड्डाणात यातलं बरंच तेल पुढचं तेल वाहून नेण्यातच जळतं. शेवटच्या एका तासासाठीचं तेल आधीचे पंधरा तास पाठीवर घेऊन उडावं लागतं. त्यात पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं आणि आकाशात ताटकळण्याचं वेगळं. हिवाळ्यात तोंडावरचा वारा फारच जोराचा असेल तर कंपन्या माल कमी घेतात, कधी काही जागाही रिकाम्या सोडतात. म्हणून पूर्वी एवढी लांब उडी शक्यच नव्हती. 1948मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलचं मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून लंडनला गेलं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. 1960मध्ये बोइंग 707 न्यूयॉर्कला जाऊ लागलं, तेही लंडनमार्गे. मुंबईहून एका दमात न्यूयॉर्क गाठायला एअर इंडियाला 2007 उजाडलं. आज नियमित उड्डाणांत सर्वांत लांब सिंगापूर–न्यूयॉर्क आहे, 15,349 किलोमीटर. पृथ्वीवर कुठलेही दोन विमानतळ एकमेकांपासून 20,000 किलोमीटरच्या फारसे पलीकडे असूच शकत नाहीत, कारण तेवढ्यात अर्धी पृथ्वी संपते.

तिकिटावरच्या वेळेत आकाशाबाहेरचाही वेळ धरलेला असतो. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुसरीकडच्या गेटवर थांबेपर्यंतच्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि कंपनी तोच छापते. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रांग लागते. न्यूयॉर्कलाही उतरल्यावर गेटपर्यंतची मिरवणूक लहान नसते. कंपन्या हे सगळं धरून, वर थोडी गादी घालून वेळ छापतात, म्हणजे अर्धा तास उशिरा निघूनही विमान ‘वेळेवर’ पोहोचतं. स्वतः अंदाज बांधायचा असेल तर अंतराला 900ने भागा, पाऊण तास मिळवा, आणि इतक्या लांबच्या पल्ल्यावर पश्चिमेला जाताना एक तास वाढवा, पूर्वेला येताना एक तास कमी करा. जानेवारी-फेब्रुवारीत हा फरक थोडा जास्त धरा, जुलै-ऑगस्टमध्ये कमी. दक्षिणोत्तर मार्गांना हा नियम लावू नका.

राहिला घड्याळाचा घोळ. तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ ज्या त्या गावची असते. रात्री 01:30ला मुंबईहून निघालेलं विमान सोळा तासांनी पोहोचलं तर मुंबईत संध्याकाळचे 17:30 वाजलेले असतात. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे 7. उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, म्हणजे 8. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. प्रवास तेवढाच राहतो, छापलेली वेळ बदलते. परतीच्या प्रवासात दुपारी 12ला न्यूयॉर्कहून निघून साडेचौदा तासांनी उतरलात तर उन्हाळ्यात मुंबईत दुसऱ्या दिवशीचे बरोबर 12 वाजलेले असतात. वजाबाकी केली तर चोवीस तास लागल्यासारखे वाटतात. पद्धत एकच लक्षात ठेवायची, आधी दोन्ही वेळा मुंबईच्या वेळेत आणायच्या, मगच वजाबाकी करायची. वाटेत दिनांकरेषा ओलांडली काय नि नाही काय, या पद्धतीत काही बिघडत नाही.

परतीच्या तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात +1 असतं. घ्यायला येणाऱ्याला तारीख कळवताना तेवढं पाहून कळवा. आणि जातानाच्या तिकिटावर 12 तारीख आणि 01:30 असं असेल, तर घरातून निघायचं ते 11 तारखेच्या रात्री, जेवणं आटोपून.